निर्लेखनाच्या यादीतले पुस्तक

मुंबईच्या एका उपनगरातील सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. मार्च महिन्यात आमच्याकडे निर्लेखनाचे, म्हणजे पुस्तके संग्रहातून काढून टाकण्याचे, काम चालते. फाटलेल्या किंवा वर्षानुवर्षे कोणी न नेलेल्या पुस्तकांची यादी करून ती समितीपुढे मंजुरीसाठी ठेवायची असते. ४ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, मी त्या यादीत सुनील गावसकर यांच्या ‘आयडॉल्स’ची नोंद केली. पुठ्ठा सुटला होता आणि आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा होता.

दहाच्या सुमारास आमचे एक वयस्क सभासद देवघेवीच्या खिडकीशी आले. एरवी ते वर्तमानपत्रे चाळून निघून जातात. “मॅडम, गावसकरांचं आयडॉल्स असेल ना आपल्याकडे? काल पॅडी गेला हो,” ते म्हणाले. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर ऊर्फ पॅडी शिवलकर गेल्याची बातमी मी वाचली होती. पण माझ्याच टेबलावर पडलेल्या त्या पुस्तकात त्यांच्यावर लेख आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी पुस्तक पुढे केले. पाने निसटू नयेत म्हणून डाव्या तळहाताने पाठ दाबून धरत त्यांनी तो लेख काढला आणि उभ्यानेच वाचला.

मग ते बोलू लागले. तरुणपणी मुंबईच्या कांगा लीग या क्लब स्पर्धेत, पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर, त्यांनी शिवलकरांचे चेंडू खेळून पाहिले होते. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी. आणि कसोटी एकही नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची भारतीय संघातली जागा बिशनसिंग बेदींनी व्यापली होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. रणजीत ६३७ बळी घेऊनही ते कसोटीपर्यंत पोहोचले नाहीत.

गावसकरांनी १९८३ च्या या पुस्तकात, आपल्या आवडत्या खेळाडूंवर लिहिताना, या दोघांनाही कसोटीवीरांच्या पंगतीत बसवले. १९७६ च्या ‘सनी डेज’मध्ये, वयाच्या सत्ताविशीत, त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली होती, इथे मात्र ते इतरांकडे वळले, आणि तेही भारताचे सलामीवीर म्हणून खेळत असतानाच. मुंबईकडून खेळताना स्लिपमध्ये उभे राहून त्यांनी शिवलकरांची गोलंदाजी पाहिली होती. निवड समितीने जे दिले नाही ते सहकाऱ्याच्या लेखणीने दिले, आणि मला हे केवळ मैत्रीपोटी झालेले वाटत नाही. एका व्यावसायिक खेळाडूने दुसऱ्याच्या कामाची घेतलेली ती रीतसर नोंद होती.

दुपारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामना सुरू झाला. मी मोबाईल दाखल नोंदवहीला टेकवून ठेवला होता. आपले खेळाडू दंडावर काळ्या फिती बांधून उतरले होते, शिवलकरांसाठी. ते गृहस्थ अजून तिथेच होते. त्यांनी पडद्यावरच्या फितीकडे बोट दाखवले, पण बोलले काहीच नाहीत.

यादीतली ती ओळ मी खोडली आणि पुस्तक त्यांच्या नावावर चढवले. आठवड्याने त्यांनी ते परत आणले तेव्हा पाठीला खाकी कापड लावलेले होते आणि खळीचा वास अजून गेलेला नव्हता.