स्पीड शंभरावरच अडकतो, कारण तार

मोंढ्यातल्या आडत दुकानात राउटर गल्ल्याजवळ असतो आणि हिशेबाचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधल्या जाड दगडी भिंतीत वायफाय दम तोडतं. तिथे केबलच ओढावी.

कॅट ६ प्रकारची नेटची केबल घ्या, पण पूर्ण तांब्याची. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो आणि ती वाकवताना तुटते. तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर परत करा. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा आणि दोन्ही टोकांना फूटभर जादा सोडा.

केबलमध्ये आठ तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्यांत. दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये रंगांचा क्रम एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या तारा शेजारी-शेजारी बसवायचा मोह आवरा. केबल तपासायचा साधा टेस्टर आठही दिवे दाखवेल, पण जोड्या फुटल्यामुळे नेट रखडेल. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलंच पाहिजे.

गिगाबिट (म्हणजे हजार एमबीपीएसचा) राउटर असून कॉम्प्युटर १०० एमबीपीएसच दाखवतो? बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार बसलेली नसते. शंभराला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. प्लग कापून नवा लावा.

केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्येच लावा. वॅन पोर्ट बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असतो.

माळवदावरून किंवा पत्र्यावरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळी केबलच हवी. घरातल्या केबलचं आवरण आपल्याकडच्या उन्हात तडकतं आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. विजेच्या वायरच्या पाइपातून तर ती कधीच नेऊ नका.