खोड्यातले बैल आणि थैलीतला बोका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात पोटफुगीचे बैल येणार, हे ठरलेलंच. वर्षभर कुटारावर काढलेल्या जनावराला सणाच्या दिवशी घरोघरी पूजेला नेतात आणि प्रत्येक घरची एक पुरणपोळी तोंडात जाते. गूळ, डाळ, कणिक एकदम पोटात गेलं की आतलं सगळं आंबतं आणि बैल सकाळी गव्हाणीकडे तोंडही करत नाही. त्यामुळे तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी नंदी सजवत असतात, तेव्हा मी आणि आमचे ड्रेसरभाऊ खाण्याचा सोडा आणि तेलाच्या बाटल्या घेऊन, जनावर उभं करून अडकवायच्या खोड्यापाशी उभे असतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझी नेमणूक आहे. पशुधन विकास अधिकारी हे कागदावरचं नाव, गावात ‘ढोराच्या डॉक्टर’.

त्या दिवशीही खोड्यात एक बैल होता, बाहेर लिंबाखाली दोन बांधलेले. तेवढ्यात काकू आल्या. रिटायर गुरुजींच्या मंडळी. हातात वायरची थैली, थैलीतून बोक्याचं डोकं बाहेर. हा भुऱ्या. मागे एकदा मीच त्याला खच्ची केलं होतं, कारण दर आठवड्याला भांडून कान फाडून यायचा. तेव्हापासून गुरुजींच्या कोठीत तुरीच्या पोत्यांवर झोपून त्याने चांगलंच अंग धरलं होतं.

“मॅडम, काल्पासून शी नाही होऊन राह्यली याले. सारखा बसते, कण्हते, काहीच नाही येत. एरंडीचं तेल देऊ का?”

लिंबाखालून आवाज आला, “मांजराले कायचा नंबर, काकू? आमचा बैल पाहू द्या आधी.”

बोका सारखा बसतो, कण्हतो आणि काहीच येत नाही, हे ऐकलं की बद्धकोष्ठ सगळ्यात शेवटी धरायचं. मी थैलीतच हात घालून पोट चाचपलं. आंबिया बहाराच्या हिरव्या संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागला. मूत्राशय काठोकाठ भरलेलं. शेपटीखाली पाहिलं तर चाटून चाटून टोक जांभळट झालं होतं. शी नाही, लघवी अडकली होती. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. चिकट स्राव आणि खडे मिळून बारीक बूच बसलं की लघवीचा थेंबही येत नाही. मांजरीची नळी रुंद आणि आखूड, म्हणून तिला हा त्रास क्वचितच होतो. अडकून राहिलं तर रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. सोडा पाजलेला बैल अर्धा तास थांबू शकत होता, भुऱ्या नाही. तसं सांगितल्यावर बैलवाल्या भाऊंनी कुरकुर सोडली आणि वर कंदील धरावा तसा मोबाईलचा टॉर्चही धरला, कारण नेमकी तेव्हाच लाइन गेली होती.

स्टेथोस्कोप लावला. ठोके 180 च्या आसपास, म्हणजे हृदय अजून शाबूत होतं. वेळ होती, पण फार नाही.

आता आमच्या दवाखान्यातली हत्यारं बैलाच्या मापाची. सुया जाड, नळ्या जाड, सलाईनचा सेट असा की मांजराच्या शिरेत पूरच यायचा. समोरच्या मेडिकलमधून लहान मुलांचा ड्रिप सेट आणला. त्यातून 1 मिलीला 60 थेंब पडतात, म्हणून हिशोब ठेवता येतो. त्याच मेडिकलमधून 22 नंबरचे कॅन्युला आणि बधिर करणारी लिग्नोकेनची जेली. भुऱ्याला टॉवेलात गुंडाळून पुढच्या पायात शीर घेतली, सलाईन सुरू केलं आणि गुंगी अगदी हलकी दिली. कॅन्युलाची सुई काढून टाकली की उरते ती मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. तिला जेली लावून टोकात अलगद सरकवली आणि सिरिंजने सलाईन हळूहळू ढकलत राहिले.

पहिल्यांदा पाणी तसंच मागे आलं. पुन्हा मागे आलं. इथे जोर लावायचा मोह होतो. जोर लावला की नळी आतून फाटते. बोटांच्या चिमटीत टोक हलकेच चोळलं, पुन्हा सलाईन सोडलं, आणि बोटांना एकदम काहीतरी सुटल्याचं जाणवलं. आधी ओल्या रेतीसारखी किरकिर, मग लालसर लघवीची धार थेट ड्रेसरभाऊंच्या शर्टावर.

“आली बाप्पा!” टॉर्चवाले भाऊ ओरडले. आता आपल्या बैलाचा नंबर लागणार म्हणून ते आनंदात होते की भुऱ्यासाठी, सांगता येत नाही.

मूत्राशय धुऊन घेतलं. पण सुजलेल्या नळीत पुन्हा बूच बसू शकतं, म्हणून एक-दोन दिवस आत कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठेवावा लागतो आणि मांजराच्या मापाचा कॅथेटर आमच्याकडे कुठून असणार? नागपूरला सेमिनरी हिल्सवर आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या एका जुन्या वर्गमित्राला फोन केला. त्याने सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती पाकीट दिलं. खेड्यातली प्रॅक्टिस निम्मी एसटीवर चालते, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

सलाईन थेंब थेंब जात होतं, तेव्हा काकूंना विचारलं, “घरात एवढ्यात काही बदल झाला का? कोणी आलं-गेलं?”

“आलं ना! टॉफी आली.”

गुरुजींचा पुतण्या नागपूरला फ्लॅटमध्ये राहतो. कंपनीने ट्रेनिंगसाठी हैदराबादला पाठवलं, तेव्हा परत येईपर्यंत आपली मांजर काकाकडे सोडून गेला. सोबत कोरड्या खाण्याचं पोतं, लसीचं कार्ड आणि शी-शूसाठी रेतीचं घमेलं. गावभर ती ‘शहरची पाहुणी’ झाली होती. शेजारची बाई रोज येऊन विचारायची, “भुऱ्याची सवत काय म्हणते?”

“मग भांडतात का दोघं?”

“हा मेला फिस्कारते तिच्यावर. ती बिचारी गरीब. नुसती बसून राहते, हूं नाही का चूं नाही. यानंच जीव नकोसा केला तिचा.”

मला ते ‘नुसती बसून राहते’ खटकलं. संध्याकाळी बैलांचं आटोपून गुरुजींकडे गेले.

जुनं घर. पुढे सपरी, मग बैठक, माजघर, बाजूला धान्याची कोठी, आणि माजघरातून एक अरुंद बोळ मागच्या वाडीत जातो. त्या बोळाच्या तोंडाशी उंबरठ्यावर टॉफी बसली होती. पांढरी, लहानशी, शेपटी पायांभोवती गुंडाळून. शेजारीच तिचं घमेलं. तिचं जेवण तिथेच, पाणीही तिथेच. भुऱ्या रोज वाडीतल्या मऊ मातीत जायचा, आणि वाडीत जायला दुसरा रस्ता नव्हता.

गुरुजींना विचारलं, “भुऱ्या इथून जायला निघाला की ही काय करते?”

“काही नाही. पाहत राहते त्याच्याकडे. तो फिस्कारतो आणि मागे फिरतो.”

झालं ना मग. आपल्याला आवाज करणारा दांडगा वाटतो आणि गप्प बसलेली गरीब वाटते. मांजरांत बहुतेकदा उलट असतं. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ अशी विनवणी. ते घाबरलेलं मांजर करतं. रस्त्यात बसून डोळे न हलवता पाहत राहणं ही खरी दादागिरी, आणि तिला ना ओरखडा लागतो ना आवाज. टॉफीचाही दोष नाही. सगळा जन्म एका फ्लॅटमध्ये गेलेली, अनोळखी वाड्यात आली, तिने खाणं-पाणी-घमेलं जिथे होतं ती जागा धरून ठेवली. पण त्यापायी भुऱ्या दिवसभर लघवी दाबून पोत्यामागे बसायचा. वर भर म्हणजे तिचं कोरडं खाणं त्याला आवडलं होतं. भाकरी-ताकावर वाढलेला बोका कोरडे दाणे खाऊन पाणी मात्र पूर्वीइतकंच प्यायचा. बोक्यांच्या मूत्राशयाला ताणाने सूज येते, हे आता पशुवैद्यकात पक्कं झालेलं आहे. इथे तर ताण, कमी पाणी आणि कोरडं खाणं तिन्ही एकत्र आले होते.

“आल्या दिवशी कशी गाठ घालून दिली?”

गुरुजी जरा ओशाळले. “दोघांना माजघरात घेतलं आणि दार लावलं. वर्गात दोन भांडखोर पोरं एका बाकावर बसवली की आठ दिवसांत सुधारतात, मॅडम. चौतीस वर्षं तेच केलं.”

पोरांचं माहीत नाही. मांजरात मात्र आधी वास, मग आवाज, मग दर्शन आणि भेट सगळ्यात शेवटी. ही उतरंड उलटी केली की एका म्यानात दोन तलवारी कोंबल्यासारखं होतं. तसंही नवं मांजर दोन आठवडे वेगळंच ठेवायला हवं. टॉफीचं कार्ड पूर्ण होतं म्हणून एक घोर कमी होता, पण मांजरांचा पार्व्हो हा जीवघेणा आजार, ज्याला आम्ही पॅनल्यूकोपेनिया म्हणतो, त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, आणि भुऱ्याला रेबीजशिवाय कुठलीच लस नव्हती. पॅनल्यूकोपेनियाची लस तो बरा झाल्यावर यवतमाळहून बर्फात आणून टोचली.

कोपऱ्यात फिनाईलची बाटली दिसली. टॉफीने एकदा पोत्यावर शू केली म्हणून काकू रोज त्याने फरशी पुसत. ती आधी बंद करायला लावली. फिनाईल मांजराच्या पायाला लागतं, ते पाय चाटतं आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. पॅरासिटामॉलचंही तसंच, एक गोळीसुद्धा जीव घेते.

भुऱ्या कॅथेटर काढून घरी परतला, तोवर टॉफीचा मुक्काम बैठकीशेजारच्या खोलीत हलला होता. घमेलं, खाणं, पाणी सगळं आत, दार बंद. वाडीचा बोळ भुऱ्याला मोकळा. गुरुजींचा जुना दुपट्टा टॉफीच्या गालांवरून फिरवून भुऱ्याच्या पोत्यावर टाकला आणि भुऱ्याच्या गालांवरून फिरवलेला तिच्या खोलीत. मांजरांच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासतात ते त्यासाठीच. भुऱ्याने दुपट्टा हुंगला, फिस्कारला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. काकू हिरमुसल्या. मी म्हटलं, पाठ केली हे चांगलंच आहे, डोळे लावून बसला असता तर काळजी होती.

गुरुजींनी शाळेतला जुना हजेरीपट काढला. त्यात रोज लिहू लागले: ‘भुऱ्या, लघवी, सकाळी 6.10, भरपूर. भुऱ्या, लघवी, 11.40, मध्यम.’ रोज रात्री फोटो मला व्हॉट्सॲपवर. हसू येतं, पण अशा बोक्याच्या बाबतीत यापेक्षा कामाचा कागद नाही. एका दिवशी ‘दोनदा बसला, आली नाही’ असं आलं तेव्हा मी रात्रीच गाडी काढली. त्या वेळी नुसती जळजळ होती, बूच नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. आधी दोन्ही ताटल्या दारापासून लांब, मग रोज थोड्या जवळ. दाराखाली बोटभर फट होती. एकदा मी तिथेच होते. भुऱ्या भाताचं पाणी आणि कोंबडीचा रस्सा चाटत होता, तेवढ्यात फटीतून पांढरा पंजा आला, नखं आत, जमीन चाचपत. भुऱ्या चाटायचा थांबला. त्याने पंजाकडे पाहिलं, मिशा पुढे आल्या, नाक पंजापर्यंत नेलं आणि परत ताटलीत घातलं. काकूंनी माझा हात दाबला. एवढंच, पण त्यानंतर दार उघडायला हरकत नव्हती.

दाराऐवजी जाळी हवी होती. पावसाळ्यात आमच्याकडे कुलर अडगळीत पडलेले असतात. गुरुजींनी दोन कुलरच्या जाळीच्या बाजू गवत काढून एकावर एक चौकटीत बांधल्या. त्यातून रोज थोडा वेळ दर्शन, समोर जेवण, कोणी टक लावली की मध्ये पुठ्ठा. पाणी फेकायचं नाही, ओरडायचं नाही. नाहीतर मार खाल्ल्याची आठवण समोरच्या मांजराशी जोडली जाते. प्रत्यक्ष भेटी नंतर, दोन्ही बाजूंना पळायला वाट ठेवून. घमेली तीन झाली. मांजरं दोन असतील तर घमेली तीन, तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत, म्हणजे कुणालाच नाका अडवता येत नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पुतण्याचा फोन आला की ट्रेनिंग लांबलं, टॉफी अजून काही महिने राहू दे. काकू वरवर चिडल्या, आणि त्याच दिवशी तिच्यासाठी वाटी घासायला घेतली.

“पण मॅडम, हे एकमेकांपाशी झोपून कवा राह्यतील?” त्यांनी विचारलं.

कदाचित कधीच नाही, असं मी सांगितलं. मोठी झालेली दोन मांजरं एका छपराखाली वाटा वाटून घेऊन राहिली, तर त्यालाच जमणं म्हणायचं. टॉफी बैठकीच्या कपाटावर असते, भुऱ्या कोठीत, आणि बोळातून जाताना दोघं भिंतीच्या दोन कडांना चिकटून जातात. कोरडं खाणं आता कपाटावर ठेवलं आहे. तिथे टॉफीला उडी मारता येते, भुऱ्याला नाही. त्याचं वजन अजून कमी व्हायचं आहे.