आडिवरे–देवीहसोळ–कशेळी–गावखडी लूप: सडा आधी, वाळू नंतर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सायकल लूपची दिशा अखेर पक्की झाली. उजाडताना आडिवऱ्याहून निघायचं, आधी देवीहसोळचा सडा (जांभ्या कातळाचं उघडं पठार), मग पऱ्या (ओढा) ओलांडून कशेळीचा सडा, तिथून घाटी उतरून गावखडीची वाळू आणि शेवटी कनकादित्याच्या देवळावरून परत आडिवरे. अंतर चाळीसेक किलोमीटर. आकडा छोटा दिसतो, पण चढ-उतार संपत नाहीत आणि एका पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) सायकल खांद्यावर घ्यावीच लागते.

दिशा ठरली ती ऊन आणि ओहोटी यांच्यामुळे. सड्यावर सावलीचं नाव नाही. डिसेंबरातही दहानंतर कातळ असा तापतो की खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. त्यामुळे दोन्ही सडे सकाळीच उरकायचे. गावखडीला मात्र ओहोटी हवी. भरतीच्या वेळी उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिथे चाक रुततं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासविणी त्याच वरच्या पट्ट्यात घरटी करतात. तिकडे सायकल न्यायची नाही, ढकलतही नाही. पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरूनच जायचं.

तारखेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब धरला: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. त्याआधी सव्वासहा तास मोजले की साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. षष्ठीला ती सव्वादहाला येते. सड्यावर जास्त वेळ मिळतो हे खरं, पण अष्टमीच्या भांगाकडे (सगळ्यात कमी भरती-ओहोटीकडे) सरकावं तसं पाणी कमी ओसरतं आणि घट्ट वाळूचा पट्टा अरुंद होतो. म्हणून पंचमी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. डिसेंबरात पंचमीच्या जवळचा रविवार धरायचा आणि आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक बघून वेळ पक्की करायची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सड्यावरची वाट शोधण्यात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर पायवाटा छान दिसतात, उपग्रह चित्रात गडग्यांच्या (दगडी बांधांच्या) काळ्या रेघासुद्धा ओळखू येतात. पण या दोन्हींत जे नसतं ते म्हणजे गेल्या वर्षभरात वाढलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण). पाहणीला गेलो तेव्हा नकाशावरची सरळ वाट गवतातून जात जात अचानक संपली. पुढे थेट कडा, भिंतीवर चिरे कापणाऱ्या मशीनच्या पात्याचे आडवे-उभे ओरखडे, तळाला पावसाचं हिरवं पाणी. ना कुंपण, ना दगडाची ओळ. गवत कमरेएवढं असताना ही कड दहा पावलांवरूनही दिसत नाही. त्यामुळे माझा आग्रह आहे: अंधारात सड्यावर चढायचं नाही, लाइट कितीही जोरदार असो. सव्वासहाला आडिवऱ्याहून डांबरी रस्त्याने निघू आणि सड्यावर पाय ठेवू तो उजेडातच.

त्या वेळेचा दुसरा फायदा कातळशिल्पांसाठी. देवीहसोळची रचना असो की कशेळीचा सुमारे १८ मीटरचा हत्ती, माथ्यावर ऊन आलं की जांभ्यावरच्या रेघा जवळजवळ पुसल्यासारख्या होतात. सूर्य खाली असताना त्याच खाचांत सावली भरते आणि हत्तीच्या पोटातले लहान लहान प्राणी एकेक करून डोळ्यांना सापडायला लागतात. कोकणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांत या दोन्ही जागा आहेत. शिल्पाच्या बऱ्याच अलीकडे सायकली ठेवून चालत जायचं आणि रेघांवर पाय द्यायचा नाही. यात सूट नाही.

टायरचं सांगायचं तर जांभा तळापेक्षा बाजू कापतो. भोकाभोकांच्या दगडाच्या कडा साइडवॉललाच लागतात. रत्नागिरीच्या चंपक मैदानाच्या कातळावर वेगवेगळे दाब करून पाहिले. २.४ इंची ट्यूबलेस टायरला माझ्या वजनाला पुढे २२, मागे २५ पीएसआय बरोबर बसले. त्याखाली गेलं की रिमचा आवाज येतो, वर गेलं की चाक उसळतं. प्लग, सीलंट, एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा प्रत्येकाने घ्यावा. पाणी माणशी तीन लिटर. वाळू झाल्यावर चेन आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवायचे, घरी जाऊन नव्हे, तिथेच.

पऱ्यावरचा साकव (छोटा पूल) पावसात एका बाजूने खचलाय. गुरं घेऊन आलेल्या काकांनी सांगितलं, "माणूस जाईल हो, पण एका वेळी एकच. आणि बेडं (वाटेवरचं फाटक) परत लावून जा, नाहीतर गुरं आमच्या शेतात." दोन्ही गोष्टी तशाच करायच्या. साकवापुढची पाखाडी शेवाळलेली आहे, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट तिथे उपयोगाचे नाहीत, रबरी तळाचे घाला.

एवढं सगळं धरून गावखडी साडेनऊ ते दहा, आडिवरे साडेबाराला. सहा जणांपेक्षा जास्त नकोत. साकव आणि सडा, दोन्हीकडे गर्दी झाली की वेळेचं गणित मोडतं. पुढच्या आठवड्यात पऱ्यापर्यंतचा भाग पुन्हा चालून बघतो आणि चिरेखाणीला वळसा घालणारा जीपीएस ट्रॅक नव्याने रेकॉर्ड करतो. आधीची फाइल ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती पुसून टाका.