नापास डोळ्यांनी पाहिलेले ठाण

कापड तपासणी विभागात रुजू होताना माझी रंग ओळखण्याची इशिहारा चाचणी झाली आणि ठिपक्यांत दडलेले बहुतेक आकडे मला वाचता आले नाहीत. लाल आणि हिरवा यांतला फरक मला जन्मापासूनच नीट कळत नाही. त्यामुळे माझी नेमणूक कोऱ्या कापडाच्या टेबलावर झाली आणि छापील कापडाशी माझा संबंध येऊ नये, असे ठरून गेले. छटा जुळवण्याचे काम माझ्याने होणार नाही हे खरेच होते, म्हणून मीही कधी तक्रार केली नाही.

एके दिवशी लाल-हिरव्या बारीक ठिपक्यांचे एक ठाण ग्राहकाकडून परत आले. धुतल्यावर त्यातले काही तुकडे जास्त आटतात, असे त्याचे म्हणणे होते. दोन अनुभवी तपासनिसांनी ते उजेडाच्या टेबलावरून दोनदा फिरवले, पण हाती काहीच लागले नाही. मी धागे मोजायचे भिंग मागायला तिथे गेलो होतो आणि उभ्याउभ्याच मला कापडावर एक आडवा पट्टा दिसला.

"ताई, इथे बाणा दाट झालाय," मी त्या तपासनिसांपैकी एकीला म्हणालो.

"तुम्हाला? या कापडात?" त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, नुसते नवल होते. त्यांनी भिंग ठेवून एका इंचातले बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे मोजले, तर शेजारच्या भागात ५६ आणि पट्ट्यात ६२ भरले. पुढे मी सात जागांवर खडूने खुणा केल्या. त्यांतल्या सहा बरोबर निघाल्या, सातवी मात्र साधी घडी होती. कापडातले दोष मोजण्याच्या चार गुणांच्या पद्धतीत नऊ इंचांहून लांब दोषाला चार दंडगुण पडतात. हे पट्टे तर काठापासून काठापर्यंत गेलेले होते.

यात जादू काही नव्हती. त्यांची नजर लाल-हिरव्याच्या गर्दीत गुंतत होती, तर माझ्या लेखी ते ठिपके जवळपास एकाच रंगाचे असल्यामुळे खालची वीण उघडी पडत होती. रंगांच्या गोंधळात लपलेला पोताचा फरक आमच्यासारख्यांना पकडता येतो, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले आहे. इशिहारांच्या संचातही काही पाने अशी आहेत, ज्यांवरचा आकडा इतरांना सहसा दिसत नाही आणि आमच्यातल्या अनेकांना वाचता येतो. माझ्या चाचणीच्या वेळी मात्र त्या पानांविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हापासून लाल-हिरव्या छपाईचा माल आधी माझ्याकडे येतो आणि छटेसाठी मग ताईंकडे जातो. पहिल्याच आठवड्यात मी एका चांगल्या ठाणावर हिरव्याऐवजी लाल चिठ्ठी लावली. ताईंनी ती मुकाट्याने काढली, लाल चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा कात्रीखाली धरला आणि प्रत्येकीचा एक कोपरा उडवला. आता मी चिठ्ठी अंगठ्याने ओळखतो.