आमची वाटचाल : गॅरेज, टेम्पो आणि थरची वाळू

आमचं गॅरेज बेळगावात खानापूर रोडवर, उद्यमबागेच्या अलीकडं. 2008 साली सुरू केलं तेव्हा बोर्डावर ‘सर्व प्रकारच्या दुचाकी दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलं होतं आणि कामही तेवढंच होतं. प्लग, चेन, क्लच प्लेटा, आणि पावसाळ्यात खानापूर-जांबोटीचा चिखल खाऊन आलेल्या गाड्यांचे ब्रेक शू. बोर्ड अजून तोच आहे. पण आता गणपती गेले की निम्मं गॅरेज दुसऱ्याच तयारीला लागतं. थंडीत जैसलमेरच्या वाळूत गाड्या चालवायच्या आणि तिथंच तंबू ठोकून राहायचं, या सहलीच्या. कमाईत सहलीचा वाटा गॅरेजएवढा नाही, तरी नवीन गिऱ्हाईक बहुतेक तिकडूनच येतं.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही, गिऱ्हाईकांनीच गळ्यात घातलं. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन बाजारात आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स आली, दोन्ही कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या मोटरसायकली, आणि आमच्याकडच्या पोरांना डांबर सोडून जायचं वेड लागलं. तिलारी, चोर्ला, आंबोली करून झालं. मग निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या मुलानं वाळूचं काढलं. गोव्याचा समुद्र आम्हाला जवळ, पण तिथल्या किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि असायलाच हवी. राहता राहिलं थरचं वाळवंट.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “वाळू बघायला एवढ्या लांब जायलास व्हय? फाउंड्रीत ये की.” आप्पा उद्यमबागेत मोल्डर होते, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करणारे; सगळी हयात वाळूत गेली. त्यांची थट्टा झाली, पण पुढं आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते त्यांचंच. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी चिकणमाती, आणि जेमतेम पाणी घालतात. ती तयार झाली का हे बघायला मोल्डर मूठभर वाळू घेऊन घट्ट दाबतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला आणि मोडल्यावर कडा धारदार दिसली, तर वाळू जमली. थरमध्ये बेंटोनाइट कुणी मिसळलेलं नसतं, पण थंडीतल्या पहाटे दव पडतं आणि वरची वाळू थोडा वेळ धरून राहते. आम्ही सकाळी चहाच्या आधी मूठ दाबून बघतो. गोळा क्षणभर जरी टिकला तरी चाकाखाली वाळू बरी लागणार. दहा-अकरापर्यंत ती सुटी होते, मग गाडी रुतायला लागते. शिवाय दुपारी ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात, चढ कुठं आणि खड्डा कुठं हे दिसतच नाही. म्हणून आमच्याकडं गाडी सकाळी आणि उन्हं कलल्यावर; दुपारी जेवण, झोप आणि एअर फिल्टर झाडणं.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते आणि पलीकडची उभी, 32-34 अंशांची. वाळू त्याहून जास्त उभी राहतच नाही, ढासळते. नवीन माणूस सौम्य बाजूनं जोरात चढतो आणि माथ्यावर त्याला कळतं की पुढं जमीनच नाही. आमचा नियम असा की माथ्याजवळ वेग सोडायचा, आडवं थांबायचं, चालत जाऊन पलीकडं बघायचं. ज्याला हे भित्रेपणाचं वाटतं त्याला आम्ही नेत नाही.

नियोजनाचं खरं डोकं तारखांना लागतं. उन्हाळ्यात तिकडं पारा 45 च्या वर आणि धुळीची वादळं, म्हणजे हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. नाताळ ते एक जानेवारी जैसलमेरजवळच्या सम गावाकडं पाय ठेवायला जागा नसते. माघ पौर्णिमेला जैसलमेरचा मरु महोत्सव संपतो, त्या दिवसांत लॉजचे भाव ऐकूनच परत फिरावं. हे झालं तिकडचं. इकडं डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसलं की बेळगावात एक खोली रिकामी मिळत नाही. कोल्हापूर-गोव्याहून टेम्पोत गाडी चढवायला आलेल्या माणसाला आम्ही घरी झोपवलंय. त्याच दिवसांत सीमाप्रश्न तापला तर महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर टेम्पो किती वेळ उभा राहील हे कुणी सांगावं! आणि चिकोडी-अथणीचं आमचं निम्मं गिऱ्हाईक उसाचं. ऊसतोडीची टोळी शेतात उतरली की मालक हलत नाही, मग पैसे भरलेले असोत नाहीतर नसोत. हे सगळं जुळवून साधारण संक्रांतीच्या पुढचा आठवडा हाती लागतो, आणि पौर्णिमा जवळ असली तर दुधात साखर.

बेळगाव ते जैसलमेर दीड हजार किलोमीटरच्या वर. एवढं अंतर गाडी चालवत जाणारे आहेत, पण मग वाळूत उतरायला अंगात काही राहत नाही. म्हणून गाड्या टेम्पोतून जोधपूरपर्यंत आणि माणसं रेल्वेनं. जोधपूर ते जैसलमेर मात्र आम्ही मुद्दाम चालवत जातो. पोखरणवरून सरळ डांबरी रस्ता आहे. कुणाची चेन वाजते, कुणाचं सामान हलतं, हे त्या पट्ट्यात कळतं.

पहिल्या वेळी टेम्पो भाड्याचा होता आणि मुक्कामाची सोय तिकडच्या एका तंबूवाल्याकडं. त्यानं आगाऊ पैसे घेतले आणि आमची जागा एका लग्नाच्या पार्टीला दिली. रात्रभर डीजे. त्यानंतर आम्ही तंबू, पातेली, सगळं आपलं न्यायला लागलो आणि कर्ज काढून टेम्पोही घेतला. तो माणूस तसा वागला नसता तर आज आम्ही नुसते दलाल राहिलो असतो.

तंबूचं एक सांगतो. वाळूत खुंटी धरत नाही. आम्ही बेंटोनाइटची रिकामी पोती नेतो, वाळू भरून दोरी बांधून आडवी पुरतो, मग वारा सुटला तरी तंबू जागचा हलत नाही. टेकड्यांच्या मधला खोलगट भाग आडोशाचा वाटतो, पण रात्री थंड हवा उतरून तिथंच साठते. जैसलमेरला जानेवारीत पारा सात-आठवर सहज येतो, कधी त्याच्याही खाली. बेळगावच्या थंडीला कौतुकानं शाल गुंडाळणाऱ्यांना तिथं स्लीपिंग बॅगच लागते. म्हणून तंबू ना तळात, ना माथ्यावर. बूट सकाळी झटकून घालायचे; विंचू असतो, फुरसंही असतं. जळण जैसलमेरहून विकत आणतो. खेजडीच्या झाडाला हात लावायचा नाही. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत 363 बिश्नोई माणसांनी ही झाडं वाचवायला जीव दिला, त्या मुलखात आपण कुऱ्हाड चालवायची काय?

समच्या आसपासच मरु राष्ट्रीय उद्यान आहे, माळढोक पक्ष्याचं घर. तिथल्या वाळूत आमच्या गाड्या जात नाहीत. गावातल्या मालकाशी बोलून, पैसे देऊन, उद्यानाबाहेरच्या जागेत आम्ही गाड्या चालवतो. सीमेकडचा भाग परवान्याचा. लोंगेवाला आणि तनोट डांबरी रस्त्यानं बघून यायचं. ड्रोन घरी ठेवायचा, यावर वाद घालायचा नाही.

गाडीची तयारी ही गॅरेजची खरी कमाई. वाळूत टायरची हवा तीस पीएसआयवरून सोळापर्यंत उतरवतो. त्याहून कमी केली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट न बसवता वर टोपीकडं सरकवून ठेवायचा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकलाय. चेनला ओलं तेल नको, वाळू चिकटून ती सँडपेपरसारखं काम करते. साइड स्टँडखाली पत्र्याचा हातभर तुकडा हवा, नाहीतर परत येईपर्यंत गाडी आडवी झालेली असते. आणि गाडी शक्य तेवढी हलकी. दोनशे किलोची हिमालयन वाळूत पडली की दोघांनी उचलायची. एक्सपल्स त्याहून चाळीसेक किलोनं हलकी, ती खानापूरच्या एक शिक्षिका एकट्या उचलतात. मोठी गाडी घेऊन येणाऱ्यांना हे पटवणं इंजिन खोलण्यापेक्षा अवघड.

2020 च्या टाळेबंदीत सहल बंद आणि टेम्पोचा हप्ता चालू. त्या काळात टेम्पोनं कडोली-उचगावची भाजी वाहिली. नंतर लोक पूर्वीपेक्षा जास्त यायला लागले, तेव्हा एका वेळी वीस-पंचवीस गाड्या नेण्याचा मोह झाला होता. दोन मेकॅनिकना तेवढ्या गाड्या रोज संध्याकाळी तपासता येत नाहीत, म्हणून टेम्पोत मावतील तेवढ्याच गाड्या नेतो. खाणं मात्र सढळ असतं : शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि पहिल्या रात्री कुंदा.

यंदा नावं दिवाळीआधी द्यावीत. गाडी चढवायच्या दिवशी आर.सी. आणि विम्याची झेरॉक्स, दुसरी चावी आणि टाकीत लिटरभरच पेट्रोल. ‘जरा जास्त असलं तर काय होतंय’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. त्याचं पेट्रोल आम्ही काढून घेतो आणि गॅरेजच्या खर्चात लावतो.