समृद्धीने नागपूर ते आमणे: टायर सांभाळा, झोप ओळखा

नागपूरच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. सिग्नल नाही, आडवा चौक नाही, दुचाकींना बंदी. म्हणजे धोका समोरून कमी. जास्त तो आपल्याच टायरमध्ये आणि डोळ्यांत.

निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर पूर्ण भाराचा आकडा घ्या. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात, ते साफ चुकीचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. बाजूवर कोरलेले चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांच्या वरचा टायर घेऊन इकडे येऊ नका. स्टेपनी तर हमखास जुनी निघते.

टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरला की डावीकडे घ्या.

कारंजा, मेहकर, जालना हा टप्पा झोपेचा. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३० मीटर आंधळे. मागचे काही किलोमीटर आठवेनात, पट्टा ओलांडला जातोय, असं झालं की पुढच्या पंपावर किंवा इंटरचेंजला थांबाच. काच उघडून, गाणी मोठी लावून झोप जात नाही. कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा; उठेपर्यंत ती चढते. १०० ने गेलात तरी सगळ्या रस्त्यात सत्तरेक मिनिटंच जास्त लागतात.

बसने जाणाऱ्यांनी चढल्याबरोबर आपत्कालीन खिडकी आणि हातोडी कुठे आहे ते पाहून ठेवावं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि २५ जण गेले. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले.

इगतपुरीनंतरच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याआधी गॉगल काढा, हेडलाइट लावा.

गाडी बंद पडली तर सगळ्यांनी डावीकडून उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं, गाडीत बसून राहायचं नाही. कुणी जखमी दिसलं तर १०८ लावा. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती कायद्याने नाही.