जायफळ आणि जागरण

आश्विन पौर्णिमा. रात्रीचा एक वाजून गेलाय.

बोटांना अजून वेलदोड्याचा वास येतोय.

बेळगावच्या आमच्या शहापुरात गल्लीतली सहा-सात घरं कोजागिरीला एकाच गच्चीवर जमतात. दूध दरवर्षी सासूबाईंच्या हातचं. यंदा त्यांचं मनगट दुखावलं आणि पळी माझ्याकडे आली. सहा लिटर म्हशीचं दूध, गवळ्याला चार दिवस आधी सांगून ठेवलेलं. "आटवायचं म्हणजे पाकिटातलं नको की," हा आईंचा हुकूम.

आई शेगडीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पातेलं आधी पाण्यानं विसळलं, तळाशी बशी पालथी घातली, मग दूध. उकळी आली की ती बशी खुळखुळायला लागते. त्यानं दूध उतू जात नाही, बुडालाही सहसा लागत नाही. खुळखुळ थांबली की समजायचं, जाळ कमी पडला. मागच्या बोळात पावरलूमची खटखट चालू होती, तीही नऊच्या सुमाराला थांबली. मग नुसती बशीच.

"झालं का हो?"

"पळी उचल. मागं काय ऱ्हातंय?"

पातळ, निळसर थर.

"अजून पाणी हाय. मी सांगतो तवा बंद कर."

(आमच्याकडच्या बायका 'सांगतो', 'येतो'च म्हणतात. पुण्याची जाऊ अजून हसते.)

सव्वा तास ढवळलं. सहाचं साडेचार लिटर झालं असेल. पळीला साय धरायला लागली तेव्हा आईंनी मान हलवली. मग साखर, कोमट दुधात भिजवलेलं केशर, बदाम-पिस्त्याची भरड, चारोळी. साखरेच्या जागी गूळ घालायचा शहाणपणा मी तीन वर्षांपूर्वी घरच्या घरी केला होता. उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दोन मिनिटांत सगळं फाटलं. समोरच्या अक्का कषाय करतात, धने-जिरे-मिरी भाजून, कुटून, पाण्यात उकळून, गुळाचंच. पण त्या दूध शेवटी घालतात, तेही खाली उतरवून. तेव्हा विचारलं असतं तर!

जायफळ सहाणेवर दुधात उगाळलं, अगदी बोटभर. ते घालताना दरवर्षी मला हसू येतं. लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते, म्हणून जागायचं, आणि दुधात घालायचं काय, तर लहान पोरांना झोप यावी म्हणून चाटवतात तेच. साडेबाराला निम्मी पोरं चटईवर आडवी!

अक्कांकडे आज शीगी हुण्णिमे, याच पौर्णिमेचा कानडी शेतकऱ्यांचा सण. गावाकडं शेतात जाऊन उभ्या पिकाची पूजा करून त्या संध्याकाळी परतल्या, पायाला चिखल तसाच. चिखल बघून आई म्हणाल्या, "पाऊस अजून गेलाच नाही की." खरंच, आभाळ भरलेलं. चंद्र दुधात दिसल्याशिवाय पेला भरायचा नाही, ही आईंची अट. तोवर मोठ्या लेकाला ओवाळून घेतलं त्यांनी. लेक बावन्न वर्षांचा, ढेरीवर निरांजनाचा उजेड. नवा शर्ट घालायला लावला होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

बाराला दहा कमी असताना ढग फाटला. मी पळीनं साय बाजूला सारली. पातेल्यात चंद्र आला, वाटीएवढा, त्यावर एक चारोळी. "बघितलासा का?" म्हणत आईंनी सगळ्यांना वाकायला लावलं आणि तेवढ्यात तो गेलाही. दूध तोवर कोमट झालेलं. परत गरम केलं, पेले भरले. गोड जरा कमी पडलं होतं. कुणी बोललं नाही, अक्का बोलल्या.

आता खाली स्वयंपाकघरात मी आणि आई, मध्ये पातेलं. बशी काढली, कडेची खरवड उलथण्यानं सोडवली. खरवड ढवळणाऱ्याची, हा घरचा जुना नियम. मी वाटी पुढे ओढली.

"ढवळलीस तू," आई म्हणाल्या, "सांगितलो मी." आणि अर्धी काढून घेतली.